कुमुदमावशी आणि उत्तरेची भिंत

कुमुदमावशी आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा सरळ आत आल्या नाहीत. आधी त्यांनी घराला बाहेरून एक चक्कर मारली. २००३ सालचा मे महिना होता. अमेरिकेत अ‍ॅशबर्नमध्ये आम्ही कोपऱ्यावरचं नवंकोरं टाउनहाउस घेतलं होतं आणि सत्यनारायणाच्या निमित्ताने ऑफिसातल्या मंडळींना जेवायला बोलावलं होतं. माझा सहकारी नितीन खानझोडे आणि त्याची बायको रश्मी येऊन सोफ्यावर टेकलीसुद्धा. "नागपूरहून आई आलीय म्हणालास ना? कुठे आहेत?" असं मी विचारलं, तर नितीनने कपाळाला हात लावला.

"बाहेर असेल. भिंत वाजवत."

बाहेर जाऊन बघतो तो खरंच एक किडकिडीत बाई, सुती साडी, पायात पांढरे बूट, अंगात नितीनचं ढगळ जाकीट, माझ्या घराच्या दर्शनी भिंतीला कान लावून उभ्या होत्या. मधलं बोट वाकवून त्यांनी विटेवर दोनदा टकटक केलं, पुन्हा कान लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोकळ आहे बापा."

पहिल्याच भेटीत हे ऐकून घ्यायला मी काही तयार नव्हतो. मी त्यांना सांगितलं की मावशी, हे जॉर्जियन स्टाइलचं घर आहे. बिल्डरच्या माहितीपत्रकात तसं छापलं होतं आणि महिनाभर मी ते प्रत्येकाला ऐकवत होतो. मावशींनी विचारलं, "जॉर्जियन म्हणजे काय रे?" मला कुठे ठाऊक होतं!  मग त्याच म्हणाल्या, "ही वीट नाही, विटेचा पापुद्रा आहे. आत लाकूड, लाकडात कापूस, आणि तोंडाला तेवढी लाली. मागच्या बाजूला तर प्लास्टिकच आहे." माझा चेहरा पडलेला पाहून त्यांनी घाईघाईने भर घातली, "पण राहायला गोड आहे हो घर. शिऱ्याचा वास इथपर्यंत येऊन राहिला. चल."

कुमुद खानझोडे नागपुरात एका सरकारी बांधकाम कचेरीत तीस वर्षं आरेखक होत्या. म्हणजे इमारतींचे नकाशे काढायचे, मोजमापं टाकायची आणि कडेला बारीक अक्षरात सूचना लिहायच्या. अक्षर छापल्यासारखं. नवरा लवकर गेला, नितीनला त्यांनी त्या अक्षरावर वाढवलं. निवृत्त झाल्यावर त्या मुलाकडे आल्या आणि दोन महिन्यांत कंटाळून गेल्या. नितीन-रश्मी सकाळी सातला बाहेर पडायचे. शेजारीपाजारी पायी जाण्यासारखं काही नाही, गाडी चालवता येत नाही. त्या घरातल्या वस्तू मोजूनमापून लावत बसायच्या. भिंतीवरच्या सगळ्या फ्रेमा त्यांनी पट्टी धरून एका ओळीत आणल्या. रश्मी रोज जाताजाता त्यातली एक मुद्दाम तिरकी करून जायची आणि संध्याकाळी ती सरळ झालेली बघून हसायची. सासूसुनेचा तो खेळ शेवटपर्यंत चालला.

त्या उन्हाळ्यात एका शनिवारी नितीनला काम होतं, म्हणून मी मावशींना भाजी आणायला घेऊन निघालो. वाटेत एका वळणावर, जिथे नवीन डेटा सेंटरसाठी जमीन सपाट करत होते, त्याच्या पलीकडे झाडांत एक लाल विटांचं दुमजली घर दिसायचं. मी रोज त्याच्यावरून जात होतो. कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. मावशी एकदम म्हणाल्या, "गाडी थांबव." मला वाटलं त्यांना गाडी लागली.

ते घर अडीचशे वर्षांचं होतं. गावातल्या हौशी मंडळींची एक संस्था ते सांभाळायची आणि शनिवार-रविवार लोकांना दाखवायची. मावशी समोरच्या हिरवळीवर उभ्या राहिल्या. मग त्यांनी मला शिकवायला सुरुवात केली. मधोमध दार. दाराच्या दोन्ही अंगांना दोन-दोन खिडक्या. वर पाच, खालच्यांच्या बरोबर डोक्यावर. वरच्या खिडक्या खालच्यांपेक्षा थोड्या बुटक्या, म्हणजे घर डोक्याकडे जड वाटत नाही. दोन्ही टोकांना एक-एक धुराडं. दोन मजल्यांच्या मधे विटांचा पट्टा बोटभर बाहेर काढलेला. "हे जॉर्जियन," त्या म्हणाल्या. "तिकडे इंग्लंडात जॉर्ज नावाचे राजे एकामागून एक झाले, त्यांच्या काळची ही तऱ्हा. आमच्या सिव्हिल लाइन्समधले जुने बंगले याच घराण्यातले. मधून घडी घाल कागदाची, दोन्हीकडे सारखं."

मग त्या भिंतीजवळ गेल्या. दर्शनी भिंतीत एक वीट लांबीने, एक वीट तोंड पुढे करून, पुन्हा एक लांबीने, अशी वीण होती. तोंड पुढे केलेल्या विटा निळसर-काळ्या चकाकत होत्या, कारण भट्टीत त्या आगीच्या अगदी जवळ असायच्या. घराच्या मागे गेलो तर ही ऐट गायब. साध्या विटा, साधी रचना. मावशी खूश झाल्या. "बघ, पुढची भिंत लग्नाला निघाली, मागची घरात भाकऱ्या करून राहिली. घर नेहमी मागून बघावं." आणि बोट वाकवून त्यांनी टकटक केलं. मला कान लावायला लावला. खोल, घट्ट, जमिनीतून आल्यासारखा आवाज होता.

"भरीव आहे," त्या म्हणाल्या. त्या दिवशी भाजी राहिलीच.

संस्थेचं काम बघणाऱ्या एलेनबाई सत्तरीच्या होत्या. साडी नेसलेल्या या बाई आपल्या घराला कान लावून उभ्या आहेत हे त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि लगबगीने बाहेर आल्या. मावशींचं इंग्रजी नकाशावरच्या सूचनांसारखं होतं, क्रियापदं जवळजवळ नाहीत. पण विटांबद्दल बोलायला ते पुरलं. पुढच्या महिन्यात मावशींच्या साडीवर संस्थेचा बिल्ला लागला आणि दर शनिवारी त्यांना तिथे सोडण्याचं काम माझ्याकडे आलं. मी कुरकुरत सुरू केलं आणि हळूहळू मीच शनिवारची वाट बघू लागलो.

मावशींसारखं घर दाखवणारं कुणी मी पाहिलं नाही. बाकीचे स्वयंसेवक मालकाच्या तसबिरीपासून सुरुवात करायचे. मावशी आधी सगळ्यांना अंगणात उभं करायच्या आणि म्हणायच्या, "वन विंडो इज लायर. फाइंड." लोक खिडक्या मोजायचे, डोळे बारीक करायचे. वरच्या मजल्यावरची डावीकडून दुसरी खिडकी खोटी होती. तिची लाकडी झापं कायम मिटलेली आणि झापांच्या मागे नुसती वीट. आतून तिथे जिना जात होता, खिडकीला जागाच नव्हती. पण बाहेरून एक खिडकी कमी दिसली असती तर घराचा तोल गेला असता. मावशींना त्या खोट्या खिडकीबद्दल फार माया होती. "बाहेरून शिस्त, आतून अ‍ॅडजस्ट," असं त्या मला मराठीतून सांगायच्या. "संसार याच्यापेक्षा काय वेगळा असतो रे?"

मग त्या लोकांना मागच्या भिंतीकडे न्यायच्या. तिथे गुडघ्याएवढ्या उंचीवर एका विटेत चार बोटांचे ठसे होते. ओली वीट कुणीतरी साच्यातून उचलताना उमटलेले. बोटं लहान होती. ह्या घराच्या सगळ्या विटा गुलामांनी थापल्या होत्या आणि त्यांतल्या कुणाचंही नाव कुठे लिहिलेलं नव्हतं. मावशी तिथे एरवीसारखी थट्टा करायच्या नाहीत. "ओनर नेम, बोर्ड. मेकर नेम, हिअर," एवढंच म्हणायच्या आणि लोकांना जरा वेळ उभं राहू द्यायच्या. एलेनबाईंनी मला एकदा सांगितलं की वीस वर्षं त्या घरात वावरूनही ती वीट त्यांना दिसली नव्हती.

असे दोन उन्हाळे गेले; मधे व्हिसापुरतं मावशी नागपूरला जाऊन यायच्या. २००५ सालच्या वसंतात उत्तरेच्या भिंतीचा प्रश्न निघाला. त्या बाजूला ऊन कमी. विटांच्या फटींमधला जुना चुना झडून गेला होता, सांध्यांत बोट जात होतं. संस्थेतल्या एका सभासदाच्या ओळखीचा कंत्राटदार आला, त्याने भिंत पाहिली आणि सांगितलं की सगळ्या फटी सिमेंटने भरून देतो, पुन्हा शंभर वर्षं बघायला नको. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं.

मावशींना त्या दिवशी मी घरी सोडत होतो.  नितीनच्या दारात पोहोचलो तरी उतरेनात.

"मी एक भिंत मारली आहे, अविनाश," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. नोकरीला लागून चारच वर्षं झाली होती. नागपूरजवळच्या एका तालुक्याच्या गावी इंग्रजांनी बांधलेलं विटांचं विश्रामगृह होतं. त्याची डागडुजी निघाली. नकाशा मावशींनी काढला. कामावर सीताराम नावाचा म्हातारा गवंडी होता. तो कचेरीत येऊन, दाराशी चपला काढून, त्यांच्या टेबलापाशी उभा राहिला आणि म्हणाला, बाई, जुन्या भिंतीला चुनाच लिहा, तिला श्वास घेऊ द्या. मावशींना वाटलं, हा अडाणी माणूस मला काय शिकवतो. साहेबांनाही सिमेंटच हवं होतं. त्यांनी कडेला आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं, दरजा, म्हणजे विटांमधल्या फटी, सिमेंटने भरणे. सात पावसाळ्यांनी ती भिंत पाडावी लागली.

"साहेब बदलून गेले, सीतारामही वारला. अक्षर माझं होतं," मावशी म्हणाल्या. "तेव्हा लिहायच्या आधी मी त्या भिंतीला हातसुद्धा लावला नव्हता. वाजवायची सवय त्यानंतरची. ही भिंत मी डोळ्यांदेखत जाऊ देणार नाही."

मला त्यांची फार कणव आली. आतापर्यंत त्यांच्या टकटकीला मी विक्षिप्तपणा समजत होतो.

संस्थेच्या बैठकीला मावशी दुभाषा म्हणून मला घेऊन गेल्या. त्या काय म्हणाल्या ते मी जमेल तसं सांगितलं. जुनी भिंत ओल पिते आणि फटींतून बाहेर सोडते, सिमेंट तिची वाट बंद करतं. कंत्राटदार सभ्य माणूस होता, पण चुना ऐकून हसला. शेवटी एलेनबाईंनी तोडगा काढला. उत्तरेच्या भिंतीवर शेजारीशेजारी दोन चौकोन आखायचे, दोन्ही हातभर रुंद. एकात सिमेंट भरायचं, एकात चुना. हिवाळा जाऊ द्यायचा. एप्रिलच्या बैठकीत जे दिसेल त्यावर सबंध भिंतीचं ठरवायचं.

सिमेंटचा चौकोन अर्ध्या तासात झाला. चुन्याचं काम मात्र मावशींनी सप्टेंबरमधला एक अख्खा आठवडा लावून केलं. कंत्राटदाराकडे मिगेल नावाचे एल साल्वादोरचे एक वयस्क गवंडी होते. त्यांच्या गावाकडे चुन्याचं काम चालायचं. त्यांना मराठी येत नव्हतं, मावशींना स्पॅनिश येत नव्हतं, आणि इंग्रजीत दोघांचाही आनंद होता. तरी दोघांचं इतकं जमलं की मला तिथे उभं राहायला लाज वाटू लागली. चुना मळून झाला की मिगेल थापीवर त्याचा गोळा घ्यायचे आणि थापी उलटी करायचे. गोळा पडला तर मावशी मान हलवायच्या, चिकटून राहिला तर "बस!" म्हणायच्या. तो "बस" मिगेलना पहिल्याच दिवशी कळला.

भरून झाल्यावर मावशींनी त्या चौकोनावर ओलं गोणपाट टांगलं. रोज सकाळी आणि दुपारी त्याला पाणी मारायला हवं होतं. "चुना बाळंतिणीसारखा असतो," त्या म्हणाल्या, "पहिले दिवस सांभाळलं तर जन्मभर कुरकुर नाही." त्या आठवड्यात मी ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत त्यांना तिथे नेत होतो. माझा मॅनेजर मला विचारायचा, रोज कुठे जातोस? आता त्याला काय सांगणार, भिंतीला पाणी घालायला जातो म्हणून?

फेब्रुवारीत नितीनची बदली टेक्ससला झाली. व्हिसावर असलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. पंधरा दिवसांत सामान बांधलं गेलं. मावशींना एप्रिलपर्यंत थांबायचं होतं, मी आणि माझी बायको मेघना, दोघांनी आमच्याकडे राहा म्हणून आग्रहही केला. पण रश्मीला दिवस गेले होते. मावशी म्हणाल्या, "तिकडची भिंत आधी."

निघायच्या दिवशी त्यांनी मला त्या जुन्या घराकडे न्यायला लावलं. बर्फ साचलेलं होतं. उत्तरेच्या भिंतीपाशी जाता येईना. त्यांनी दर्शनी भिंतीवर तळहात ठेवला, टकटक केलं आणि गाडीत येऊन बसल्या.

"एप्रिलमध्ये तू जाऊन बघ आणि मला फोन कर," त्या म्हणाल्या. "एलेन मॅडम चांगल्या आहेत, पण मला वाईट वाटू नये म्हणून गोड बोलतील. तू खरं सांग. माझी चूक असेल तर ती मला कळली पाहिजे."

मी शब्द दिला आणि दिला तेव्हाच मला त्याचं ओझं वाटलं.

एप्रिलच्या बैठकीच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी गेलो. एलेनबाई माझी वाटच बघत होत्या. त्यांचा चेहरा पाहूनच मी समजलो. आम्ही दोघं उत्तरेच्या भिंतीसमोर उभे राहिलो. सिमेंटचा चौकोन काल भरल्यासारखा होता. रेघ न् रेघ जागच्या जागी, कुठे टवका नाही. आणि मावशींचा चुना? दोन-तीन ठिकाणी वरचा पापुद्रा सुटला होता. बोट फिरवलं तर भुगा हाताला लागला. एलेनबाई हळूच म्हणाल्या, "बिचारी कुमुद."

मी गाडीपर्यंत गेलो, परत आलो. खोटं बोलावं असं फार वाटलं. टेक्ससमध्ये बसून त्यांना कुठे दिसणार होतं? नागपूरकडची भिंत त्या वीस-बावीस वर्षं वाहत आल्या होत्या, तिच्यावर आणखी एक कशाला? पण शब्द दिला होता. मी तिथूनच मोबाइल लावला.

"मावशी," मी म्हटलं, "सिमेंट एकदम टकाटक आहे. चुना... चुना थोडा झडलाय."

"झडू दे की," त्या म्हणाल्या. "चुना झडायचाच. तो त्याच्यासाठीच असतो, वीसपंचवीस वर्षांनी पुन्हा भरायचा. विटा कशा आहेत?"

"विटा?"

"विटा बघितल्याच नाहीस?"

मी बघितल्याच नव्हत्या. सॉफ्टवेअरचा माणूस मी, नवीन काय टाकलं आणि ते टिकलं का, एवढंच बघून मोकळा झालो होतो. फोन कानाला तसाच ठेवून मी भिंतीपाशी उकिडवा बसलो. सिमेंटच्या त्या सुबक रेघांच्या मधे विटा होत्या आणि त्यांतल्या पाच विटांचं तोंड उडालं होतं. हिवाळाभर ओल आत कोंडली, गोठली आणि बाहेर पडताना विटेचं कातडं घेऊन गेली. बोट लावलं तर आतला भाग गुलाबी पिठासारखा सुटत होता. खाली गवतात लाल कपच्या पडल्या होत्या, पावलाखाली आल्या तरी मला दिसल्या नव्हत्या.

"पाच गेल्या, मावशी. सिमेंटकडच्या."

"आणि चुन्याकडच्या?"

मी एक-एक वीट बोटाने चाचपत गेलो. दोनदा गेलो.

"एकही नाही."

  पलीकडून मावशींचा नाक ओढल्याचा आवाज आला.

"सीतारामला सांगायला पाहिजे होतं रे," त्या म्हणाल्या. "चपला काढून आला होता तो माझ्या टेबलापाशी."

 मी भिंतीला हात लावून बसलो. एलेनबाई माझ्या शेजारी वाकून बघत होत्या. त्यांना सगळं समजलं होतं. त्यांनी गवतातली एक लाल कपची उचलली, रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी बैठकीत ती टेबलावर ठेवून त्यांनी एवढंच विचारलं की आपल्याला फटी जपायच्या आहेत की घर? कंत्राटदार सभ्य होता असं मी वर म्हटलंच आहे. त्याने ती कपची हातात घेऊन निरखली आणि मिगेलना बोलावून घेतलं. त्या उन्हाळ्यात सबंध उत्तरेची भिंत चुन्याने भरली गेली. मिगेलनी गोणपाट बांधलं आणि पाणी मारायला आळीपाळीने आम्ही दहाबारा जण जात होतो, त्यात माझा मॅनेजरही होता.

पण ते पुढचं. त्या दुपारी मावशींनी नाक पुसलं असावं, कारण त्यांचा आवाज एकदम नेहमीसारखा, हुकमी झाला.

"अविनाश, फोन भिंतीला लाव आणि वाजव."

"मावशी, फोनवरून काय कळणार?"

"तू वाजव तर."

मी चुन्याच्या चौकोनातली एक वीट निवडली, फोन तिला टेकवला आणि मावशी वाकवायच्या तसं मधलं बोट वाकवून दोनदा टकटक केलं. फोन परत कानाला लावला. टेक्ससमध्ये कुणीतरी कान देऊन ऐकत असल्याची ती शांतता मला स्पष्ट ऐकू आली.

"भरीव आहे," मावशी म्हणाल्या.